किसिंजर यांचे संपर्क खुल्या झालेल्या कागदपत्रांतून शोधताना

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वर्षी, म्हणजे हेन्री किसिंजर हे अध्यक्ष निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार असताना, त्यांचा कोणाकोणाशी आणि कोणत्या वाटेने संपर्क होता याचा मी अभ्यास करीत आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या मालिकेतील दक्षिण आशियाई संकटावरचा अकरावा खंड मी वाचून काढला आणि आलेले प्रत्येक नाव टिपून ठेवले. यादी लांबत चालली आहे, पण त्यातून चित्र काही उभे राहत नाही. एखाद्या कागदावर दोन नावे एकत्र आली म्हणजे त्या दोघांचा संबंध होता असे धरावे का? नसेल, तर कशावरून ठरवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुने दप्तर

तसे मुळीच धरू नये. मजकूर वाचण्याआधी प्रत्येक कागदाची पहिली तळटीप वाचण्याची सवय लावून घ्या. मूळ कागद कोणत्या संग्रहातल्या कोणत्या खोक्यात आहे, त्यावर गोपनीयतेचा कोणता शिक्का होता, मसुदा कोणी केला, हे तिथे दिलेले असते, आणि संबंधाचा खरा पुरावा बहुतेक वेळा त्या दोन-तीन ओळींतच असतो.

ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी पाठवलेली, अमेरिकेच्याच धोरणाच्या निषेधाची तार घ्या. तिच्यावर २० जणांच्या सह्या होत्या आणि ती परराष्ट्र खात्याच्या नेहमीच्या वाटेने वॉशिंग्टनला गेली. त्या २० जणांचा किसिंजर यांच्याशी संपर्क होता असा अर्थ तिच्यातून निघत नाही. याउलट पाकिस्तानातील राजदूत जोसेफ फारलँड यांच्याकडे पाहा. कागदोपत्री ते परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांच्या हाताखाली होते, पण मे १९७१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे किसिंजर यांना गुपचूप भेटले. पुढे किसिंजर यांच्या गुप्त चीन दौऱ्याची जुळवाजुळव खात्याच्या तारायंत्रणेला बगल देऊन झाली. जुलैमध्ये किसिंजर दिल्लीहून पाकिस्तानात गेले, पोटाच्या दुखण्याचे निमित्त पुढे केले आणि ९ ते ११ जुलै बीजिंगमध्ये होते. फारलँड यांचे नाव नेहमीच्या तारांत शेकडो वेळा सापडेल, पण त्या शेकडो तारांपेक्षा खात्याला न दाखवलेले चार कागद आपल्या कामाचे आहेत.

म्हणून माझ्या मते यादीत नावासमोर ‘कोणत्या वाटेने’ आणि ‘कोणाला प्रत दिली नाही’ असे दोन रकाने हवेत. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो, पण तो टाळू नका.

टाचणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला दूरध्वनीच्या टिपणांची जोड द्यावी. किसिंजर यांच्या कार्यालयात दुसऱ्या जोडणीवरून संभाषण ऐकून ते टंकलिखित करण्याची पद्धत होती. ही टिपणे त्यांनी १९७६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या स्वाधीन केली. माहितीच्या कायद्याखाली ती मिळवण्याचा प्रयत्न १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात फसला, कारण जे कागद खात्याच्या ताब्यात उरलेलेच नाहीत ते परत आणण्याची सक्ती त्या कायद्याने करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. अखेर २००१ मध्ये प्रती सरकारकडे आल्या आणि २००४ मध्ये सुमारे २०,००० पाने राष्ट्रीय अभिलेखागाराने खुली केली.

ही पाने वाचताना भान ठेवावे लागते. ती ऐकून लिहिलेली आहेत, त्यामुळे शब्द निसटतात, नावे चुकतात. फेब्रुवारी १९७१ पासून निक्सन यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रण सुरू झाले होते. त्याच दिवसाची फीत उपलब्ध असेल तर टिपण तिच्याशी ताडून पाहावे. डिसेंबरमध्ये जॉर्डनची लढाऊ विमाने पाकिस्तानला मिळावीत म्हणून चाललेल्या हालचाली या दोन्ही साधनांतून, दिवस लावून, जवळजवळ तासातासाने मांडता येतात. केवळ तारांवरून ते जमत नाही. गाळलेल्या जागाही टिपून ठेवा. किती ओळी वगळल्या हे या मालिकेत कंसात सांगितलेले असते, आणि तोच कागद पुढे पुन्हा तपासला जाऊन पूर्ण खुला झाल्याची उदाहरणे आहेत.

संगम

एक आग्रहाची सूचना. समोरच्या बाजूचे कागद पाहिल्याशिवाय कोणताही संबंध पक्का समजू नका. सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांच्या भेटींबाबत हे सहज करता येते, कारण दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांनी मिळून २००७ मध्ये १९६९ ते १९७२ या काळातील दोन्हीकडच्या नोंदी एकत्र प्रसिद्ध केल्या. एकाच भेटीचे किसिंजर यांनी लिहिलेले टिपण आणि दोब्रिनिन यांनी मॉस्कोला पाठवलेले टिपण शेजारी ठेवून वाचा. कोणी काय मोठे केले आणि काय लिहिलेच नाही, ते दिसू लागते. भारताच्या बाजूने पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे सचिव पी. एन. हक्सर यांची कागदपत्रे दिल्लीत तीन मूर्ती येथील संग्रहात आहेत. जुलैच्या दिल्लीभेटीत किसिंजर हक्सर यांना भेटले होते, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन रकाने आखून मी १० डिसेंबर १९७१ चे, न्यूयॉर्कमध्ये चीनचे प्रतिनिधी ह्वांग ह्वा यांच्याशी झालेल्या भेटीचे टिपण पुन्हा वाचले. अमेरिकेकडून किसिंजर यांच्यासोबत त्यांच्या हाताखालचे अलेक्झांडर हेग व विन्स्टन लॉर्ड आणि संयुक्त राष्ट्रांतील राजदूत जॉर्ज बुश होते. पहिल्या वाचनात ही चार नावे मी इतर नावांसारखीच उतरवून घेतली होती. त्याच बैठकीत किसिंजर सांगतात की, आपण ह्वांग ह्वा यांना भेटतो हे आपल्या सहकाऱ्यांनाही सांगितलेले नाही आणि व्हाइट हाउसबाहेर ते फक्त बुश यांना ठाऊक आहे. म्हणजे ‘प्रत कोणाला नाही’ हा रकाना येथे खुद्द किसिंजर यांनीच भरून ठेवला आहे, आणि त्यात रॉजर्स यांचे संपूर्ण खाते येते. आता यादी पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली आहे.