अनुभव हवेत: ऑफिसातले नकळत पूर्वग्रह आणि कामावरून उडणारं मन

दरवर्षी एंगेजमेंट सर्व्हे येतो, म्हणजे लोकांचं कामात मन किती आहे याची पाहणी. आकडे घसरले की फन फ्रायडे भरवतात, टीम आउटिंग काढतात. मी अंधेरीत एचआरमध्ये आहे आणि माझं ठाम मत आहे की माणसाचं मन उडतं ते काम वाटलं जातं तिथे. नवा क्लायंट कोणाला आणि एक्सेल शीट कोणाला, हे ठरवताना मॅनेजरच्या डोक्यात त्याच्याही नकळत काहीतरी चालू असतं. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर लिहा. कंपनीचं आणि माणसांचं नाव मात्र नको.

बदलापूरकर
ऑफिस लोअर परळला. साहेब मनाने चांगले. सहा वाजले की स्वतःच म्हणायचे, "अरे, तुला लांब जायचंय, निघ तू." अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल सातनंतर असायचा. तो दादरला राहणाऱ्या मुलाकडे गेला आणि मागोमाग अख्खं अकाउंटही त्याच्याकडेच. प्रेझेंटेशन मी बनवायचो, क्लायंटला माझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. अप्रेझलला शेरा आला, 'क्लायंटशी संपर्क कमी.' थांबशील का, असं एकदाही कोणी विचारलं नव्हतं. रात्री बदलापूरला गाड्या असतात हो! तेव्हापासून मीटिंगमध्ये काही सुचवणं बंद केलं. सांगितलं तेवढं करायचं आणि निघायचं.

ठाण्याची
एरवी इथे नुसती वाचत असते, पण बदलापूरकरांचं वाचून राहवलं नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. मला दोन्ही मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण परत आले तर माझं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे. "तुझ्यावर ताण नको म्हणून." त्याच वर्षी नवऱ्याला बढती मिळाली. त्याचे बॉस म्हणाले, "आता बाप झालास, जबाबदारी वाढली." बाळ एकच, घर एकच!

गिरणगाव
वडील गिरणीत होते, मी पालिकेच्या शाळेतला. इंटरव्ह्यूत आडनाव सांगितल्यावर "गाव कुठलं?" हा प्रश्न ठरलेला. नोकरी लागल्यावर डिसेंबर उजाडला की जेवणाच्या टेबलावर कोणीतरी म्हणणार, "सहा तारखेला दादरला उतरायची सोय नाही." माझ्याकडे बघून कोणी बोलत नसे. बोलून झाल्यावर मात्र बघत. मी चैत्यभूमीला लहानपणापासून जातो. डबा जागेवर खायला लागलो, तर एचआर म्हणतं, तू मिसळत नाहीस.

हा मनाचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला होता. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. तिथे तर कोणी समोरही बसलेलं नव्हतं.

ऐरोली_आयटी
मी टीम लीड आहे. गिरणगाव, तुमचा अनुभव वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. इंटरव्ह्यूत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गुण तिथल्या तिथे लिहायचे आणि मगच आपसात बोलायचं. घर, गाव, लग्न हे विषय बंद. दुसरं म्हणजे कोणतं काम कोणाला दिलं याची शीट. पहिल्याच तिमाहीत दिसलं की मीटिंगचे मिनिट्स, वाढदिवसाचा केक आणि वर्गणी हे सगळं टीममधल्या मुलींकडेच होतं. आता पाळी लावली आहे. संध्याकाळच्या कॉलसाठीही आधी सगळ्यांना विचारतो.

बदलापूरकर
@ऐरोली, ती शीट फक्त तुम्ही बघता की टीमलाही दिसते?

ऐरोली_आयटी
सगळ्यांना दिसते. आधी माझ्यापुरतीच ठेवली होती, तेव्हा कोणी काही बोललं नाही. उघडी केल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांत अबोल मुलगी येऊन म्हणाली, "पुढचा क्लायंट मला द्या."