अनुभव सांगा: "सॉसेजने कॅन्सर होतो" ही बातमी तुम्ही तेव्हा खरी मानली होतीत का?

हेमांगी_लीड्स
काल लेकाच्या डब्यासाठी हॅमचं पाकीट फोडलं आणि २०१५चा ऑक्टोबर आठवला. आम्ही इथे इंग्लंडात नवीन होतो. सोमवारी बातमी आली की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, बेकन, हॅम, सलामी पहिल्या गटात टाकलं. म्हणजे सिगारेट आहे त्याच गटात. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बेकन रोलची रांग रोजच्याएवढीच. काउंटरवरची बाई चिमट्याने बेकन तव्यावर दाबत होती, कागदी पिशवीला तेलाचे डाग पडत होते. माझ्यापुढचे साठीचे सहकारी म्हणाले, "माझे वडील रोज हेच खाऊन नव्वदीला पोचले." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीही रोल घेतला. रात्री कोल्हापूरहून आईचा फोन, "ते पाकिटातलं मटण बंद कर बघू." मी म्हटलं, आई, पेपरवाल्यांना रोज काहीतरी लागतं.

रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात होतं. १८ टक्के कशाचे? त्याचा हिशोब मला नंतर वाचायला मिळाला. ब्रिटनमध्ये सगळ्यात कमी खाणाऱ्या हजार माणसांत जन्मभरात ५६ जणांना हा आजार होतो, सगळ्यात जास्त खाणाऱ्या हजारांत ६६ जणांना. दहा माणसं जास्त. दहा म्हणजे थोडी नव्हेत, दहा घरं आहेत ती. असं सांगितलं असतं तर मला त्याच दिवशी पटलं असतं. नुसतं "सिगारेटइतकंच घातक" म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी कान बंद केले. तुमच्याकडे काय झालं होतं?

बारागावचंपाणी
मी नाशिकला लॅबमध्ये आहे. गट म्हणजे पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा, ते त्यातून कळत नाही. १० देशांतल्या २२ तज्ज्ञांनी आठशेच्या वर अभ्यास तपासले होते, म्हणजे हवेतली गोष्ट नव्हती. पण त्याच वेळी दिलेले आकडे बघा: जगात प्रक्रिया केलेल्या मांसापायी वर्षाला अंदाजे ३४ हजार मृत्यू, तंबाखूपायी कर्करोगाने १० लाख. हे दुसरं वाक्य आमच्या मेहुण्यापर्यंत पोचलंच नाही. तो तीन महिने बिडी सोडून बसला होता. बातमी वाचून म्हणाला, आता मटणही बिडीसारखंच म्हणतात, मग मी कशाला जीव जाळू. संध्याकाळी परत बंडल. त्या मथळ्याचा राग अजून जात नाही माझा.

कढीपत्ता
+१. बाबांनी अंड्याचा बलक वीस वर्षं बाजूला काढला. आता सांगतात खा. कुणावर विश्वास ठेवायचा माणसाने.

बारागावचंपाणी
कढीपत्ता, खरं आहे. कॉफीही १९९१ पासून "शक्यता आहे"वाल्या गटात होती, २०१६ला काढली. ६५ अंशांच्या वरचं कडकडीत पेय मात्र त्याच वर्षी "बहुधा"वाल्या गटात गेलं. नवा पुरावा आला की ते बदलतात, म्हणून तर मला त्यांच्यावर भरवसा वाटतो.

सुमन_ताई
मी इथे सहसा लिहीत नाही. आम्ही इंग्लंडात. मिस्टरांना साठीला पोस्टाने आतड्याच्या कर्करोगासाठीच्या शौचतपासणीचं पाकीट आलं. ते आठ महिने फ्रिजवर चुंबकाखाली होतं. म्हणायचे, हे सगळे घाबरवायचे धंदे, आज सॉसेज, उद्या पाणी. शेवटी रक्त दिसलं तेव्हा धावलो. आतड्याचा तुकडा काढला. आता बरे आहेत, रोज तीन मैल चालतात. सॉसेजनेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही म्हणाले. पण ते आठ महिने मला अजून टोचतात.

अबोली
ताई 🙏 वाचून गलबललं. काका शंभरी गाठोत.

हेमांगी_लीड्स
सुमनताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

माडाची_सावली
आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे. आमच्याकडे ही बातमी कुणी आपली मानलीच नाही. ती पाकिटातली, गोऱ्यांची सॉसेजिस, आमचं चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) घरचं, असं सगळे म्हणायचे. पण घरचं म्हणून काय झालं? मीठ लावून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं, विनेगर-मिरची-लसणात मुरवून आतड्यात भरायचं, काही जण चुलीवर धूरही देतात. खारवलेलं, मुरवलेलं, धुरवलेलं, सगळं प्रक्रिया केलेल्या मांसाच्या व्याख्येत बसतं. आम्ही पावसाळ्यात दोनचारदा खातो, तेही कांदा-बटाटा जास्त आणि मणी चार. रोजचे ५० ग्रॅम कुठे आणि हे कुठे. सोडणार नाही, पण रोजही खाणार नाही.

कढीपत्ता
मणी म्हणजे?

माडाची_सावली
माळेसारखं ओवलेलं असतं ना, त्यातला एकेक.

शाकाहारी_सोलापूर
मी मांस खात नाही म्हणून बातमी वाचून निवांत होतो. मग त्याच पहिल्या गटात सुपारी दिसली. तंबाखूशिवायचीसुद्धा! आणि ती २००४ पासून. आमच्या घरात जेवण झालं की अडकित्ता फिरतो, आजी पाच वर्षांच्या पोराच्या हातावरही एक कातरण ठेवायची. सुपारीचा मथळा मी आजवर पाहिलेला नाही. अडकित्ता आता देवघराच्या खणात ठेवलाय, मुंज-लग्नालाच निघतो.

अबोली
बापरे, सुपारी?? आईला दाखवते.
अवांतर: सुक्या बोंबलाचं काय?

बारागावचंपाणी
यादीत चिनी पद्धतीचा खारवलेला मासा आहे, त्याचा संबंध नाक-घशाच्या कर्करोगाशी लावलाय. बोंबलाचं नाव तिथे नाही.

अबोली
हुश्श. माळ्यावर डबा भरलेला आहे 😄

रेडिंगची_रेवा
सुमनताई, ते पाकीट करायला कठीण असतं का? सासऱ्यांचं आलंय, ते हात लावत नाहीत, घाण वाटते म्हणतात.

सुमन_ताई
अजिबात नाही गं. आता काडी एकदाच टेकवायची, बाटलीत परत घालायची, पाकीट बंद करून पोस्टाच्या पेटीत. पाच मिनिटं. घाण म्हणाले तर आमच्या ह्यांना फोन लावून दे, ते बोलतील.

रेडिंगची_रेवा
शनिवारी लावते. नंबर खासगी निरोपात पाठवा ना.

कढीपत्ता
माडाची_सावली, माळ म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात मिळेल ना? पुढच्या महिन्यात येतोय.

माडाची_सावली
मिळते. सकाळी लवकर जा, आणि विकणारीला सांग तिखट कमी हवं.