जॅक्सनची सही घेताना सनदेची तारीख बघा

अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची सही स्वस्तात हवी तर जमिनीची सनद (सरकारने जमीन दिल्याचा दस्तऐवज) घ्या, असा सल्ला जुन्या सह्या जमवणाऱ्यांना दिला जातो. पटतं, पण आधी तारीख बघा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यापुढे सह्यांसाठी हजारो सनदा तुंबल्या, म्हणून १८३३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्या कामाला सचिव नेमायची परवानगी दिली. त्यानंतरच्या सनदांवर नाव राष्ट्राध्यक्षाचं, हात सचिवाचा.

माझ्या पहिल्या सनदेवरचं ठसठशीत 'अँड्र्यू जॅक्सन' बघून मी हरखलो होतो. खाली बारीक अक्षरात सचिवाचं नाव आहे आणि दोन्हींचं वळण एकच, हे घरी भिंगाखाली धरल्यावर दिसलं. विकणाऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. चर्मपत्र अस्सल आहे, त्यामुळे ठेवलंय जपून. पण मी सहीचे पैसे मोजले होते, ते अजून सलतं.