तोर्रेविएखा येथे सदनिका घ्यावी का? किंमत, कर आणि पैसे पाठवण्याविषयी

प्रश्न (पुण्याहून)

आमची मुलगी चार वर्षांपासून माद्रिदमध्ये नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात तिच्याबरोबर आम्ही स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील तोर्रेविएखा येथे पंधरा दिवस राहिलो. एका अंगाला भूमध्य समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मिठागराचे गुलाबी पाणी असलेले ते गाव आम्हा उभयतांना फार आवडले. तेथे ६२ चौरस मीटरची, दोन शयनकक्षांची जुनी सदनिका १,६५,००० युरोला आहे. निवृत्तीनंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे पाच महिने तेथे राहावे आणि उरलेला काळ ती पर्यटकांना भाड्याने द्यावी, असा विचार आहे. वर्षाचा सगळा खर्च भाड्यातून निघेल, असे दलालाचे म्हणणे आहे. आम्ही दोघेही भारताचे रहिवासी आहोत. किंमतीखेरीज आणखी किती रक्कम हाताशी ठेवावी आणि कोणते कागद पाहावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (आलिकांतेहून)

काका, नमस्कार. मी या प्रांतात अकरा वर्षे राहतो आणि दोन वेळा घर घेण्याच्या प्रक्रियेतून गेलो आहे. जुन्या घराच्या खरेदीवर येथे हस्तांतरण कर द्यावा लागतो. त्याचा दर स्वायत्त प्रदेशागणिक वेगळा आहे: माद्रिदमध्ये ६ टक्के, आंदालुसियात ७ टक्के, तर तोर्रेविएखा ज्यात येते त्या आमच्या वालेन्सिया प्रदेशात तो अनेक वर्षे १० टक्के होता (जून २०२६ पासून ९ टक्के). आपल्याकडे रेडी रेकनर असतो तसा येथे २०२२ पासून सरकारचा संदर्भ दर आहे, आणि तुम्ही घर त्याहून स्वस्त घेतले तरी कर त्या दरावर आकारला जातो. नोतारिओ (ज्याच्यासमोर खरेदीखत होते तो अधिकारी), नोंदणी आणि स्वतःचा वकील यांचा खर्च धरून मूळ किंमतीच्या १२ ते १३ टक्के रक्कम वेगळी ठेवावी. वकील दलालाने सुचवलेला नसावा, हे मी मुद्दाम सांगतो.

कागदांपैकी पहिला म्हणजे नोंदणी कार्यालयाचा ‘नोता सिंप्ले’ हा उतारा. त्यावरून मालक कोण आणि घरावर कर्जाचा बोजा आहे का, हे कळते. मात्र तेवढ्यावर थांबू नये. इमारतीच्या सोसायटीची थकबाकी येथे सदनिकेला चिकटून येते. चालू वर्ष आणि त्यामागची तीन वर्षे एवढ्या काळाची बाकी नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते. म्हणून सोसायटीच्या प्रशासकाचा दाखला घ्यावाच, शिवाय गेल्या काही सभांचे इतिवृत्तही मागावे. लिफ्ट बदलणे किंवा दर्शनी भिंतीची दुरुस्ती असा ठराव झालेला असला, तर ‘देरामा’ म्हणजे विशेष वर्गणी येते आणि ती काही हजार युरोंची असू शकते. माझ्या पहिल्या घराच्या वेळी मी इतिवृत्त वाचले नव्हते आणि तीन महिन्यांत ती नोटीस हाती आली.

भाड्याविषयी दलालाचे बोलणे मला पटत नाही. ३ एप्रिल २०२५ पासून, एखादी सदनिका पर्यटकांना द्यायला नव्याने सुरुवात करायची असेल, तर सोसायटीच्या तीन पंचमांश मतांची पूर्वसंमती लागते. त्यावर प्रदेशाचा परवाना आणि अल्पकालीन भाड्याचा नोंदणी क्रमांकही हवा. विक्रेत्याकडे परवाना असला तरी तो तुमच्या नावे चालेल, असे गृहीत धरू नये.

विसार देताना जपावे. साधारणपणे १० टक्के रक्कम ‘आरास’ म्हणून दिली जाते. तशा करारात खरेदीदाराने माघार घेतली तर ती बुडते, आणि विक्रेत्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. कागद पाहण्याआधी सही करू नका.

उत्तर २ (सनदी लेखापाल, पुणे)

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पती-पत्नी दोघांच्या मर्यादा एकत्र वापरायच्या असतील, तर खरेदीखतात दोघेही सहमालक असणे आवश्यक आहे. यासाठी बँकेला कर्ज देता येत नाही, त्यामुळे पैसे स्वतःचेच हवेत. समजा, तुम्ही एकट्याने १ कोटी ७० लाख रुपये पाठवले, तर १० लाखांवरील १ कोटी ६० लाखांवर २० टक्के, म्हणजे ३२ लाख रुपये बँक करापोटी आगाऊ गोळा करते. हा वेगळा कर नाही, विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. पण तोपर्यंत ते ३२ लाख अडकून राहतात आणि खरेदीचे गणित बहुधा येथेच कोलमडते.

सदनिका विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवावी लागते. ती न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण स्थावर मालमत्ता त्यातून वगळलेली आहे. भाडे मिळाले तर ते भारतातही करपात्र ठरते, आणि स्पेनमध्ये भरलेल्या कराचे श्रेय येथे मागता येते.

उत्तर ३ (लीड्सहून)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मी फक्त राहण्याविषयी लिहिते, कारण आमची अशी सदनिका सात वर्षे होती आणि नंतर आम्ही ती विकली. घर घेतल्याने स्पेनमध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही. ५,००,००० युरोंच्या गुंतवणुकीवर मिळणारा व्हिसाही एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, तेव्हा तुमचे सलग पाच महिने त्यात बसणार नाहीत. त्यासाठी नोकरी न करता राहण्याचा निवासी व्हिसा वेगळा काढावा लागेल.

घर रिकामे ठेवले तरी त्यावर कर आहेच. करनोंदीतील मूल्य ६०,००० युरो धरले, तर त्याच्या २ टक्के, म्हणजे १,२०० युरो, हे मानीव उत्पन्न समजले जाते आणि युरोपीय संघाबाहेरच्या मालकाला त्यावर २४ टक्के दराने २८८ युरो भरावे लागतात. काही नगरपालिकांत २ टक्क्यांऐवजी १.१ टक्के धरतात. घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि विमा निराळाच.

आणखी एक सांगावेसे वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये या भागात अतिवृष्टी झाली, सेगुरा नदीचा बांध आल्मोरादीजवळ फुटला आणि कित्येक गावांत पाणी शिरले. चिपळूणला घर घेताना आपण पूररेषा पाहतो, तशीच येथेही पाहावी. आणि जुन्या इमारतींत हिवाळ्यात दमटपणा व थंडी फार असते. तुम्ही राहिलात ते हॉटेल होते की सदनिका?

प्रश्नकर्ते (पुण्याहून)

सर्वांचे आभार. आम्ही हॉटेलातच राहिलो होतो. दलालाकडे गेल्या तीन वर्षांच्या सभांचे इतिवृत्त मागितले, तेव्हा ‘आधी विसार द्या, मग कागद पाठवतो’ असे त्यांनी कळवले. मी नकार दिला आहे. येत्या नोव्हेंबरात त्याच भागात दोन महिन्यांसाठी एक जुनी सदनिका भाड्याने घेण्याचे आम्ही ठरवले असून, तोवर मुलगी माद्रिदमध्ये वकील शोधत आहे.