'पॅसिव्ह टॅग'ला निष्क्रिय म्हणावं का?

खाडीपलीकडची

मदत हवी आहे, आणि जरा लवकर. खेड तालुक्यातल्या एका कारखान्यासाठी मी कामाच्या सूचना मराठीत लिहून देते. तिथे पंपांच्या केसिंगचं आणि इम्पेलरचं मशिनिंग चालतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी प्रत्येक क्रेटला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणारा टॅग, लावायला सुरुवात केली. कास्टिंग आलं की टॅग लागतो; मग टर्निंग, ड्रिलिंग, प्रेशर टेस्ट, पेंट, पॅकिंग. रीडरसमोरून क्रेट गेलं की नोंद आपोआप होते. माल रवाना झाला की टॅग काढून परत पेटीत टाकायचा. या टॅगना इंग्रजीत 'पॅसिव्ह' म्हणतात, म्हणून त्या पेटीवरची पाटी मी लिहिली : 'निष्क्रिय टॅग'. शेजारच्या पेटीत ट्रॉल्यांचे बॅटरीवाले टॅग असतात, तिच्यावर 'सक्रिय टॅग'.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीच्या एका नव्या मुलाने पहिली पेटी भंगारात रिकामी केली. सकाळी नव्या मालाला लावायला टॅगच नव्हते. त्याला खूप बोलणी बसली. तो मला म्हणाला, "मॅडम, आईचं खातं बँकेने निष्क्रिय केलं, तेव्हा ते बंदच झालं होतं. मला वाटलं, हे टॅग बाद झालेत." मला उत्तर देता आलं नाही. कोशाप्रमाणे माझा शब्द बरोबर आहे. मग पाटीवर काय लिहू?

जुना फिटर

मुलगा बरोबर आहे, ताई. या टॅगला बॅटरी नसते एवढंच. रीडरचा अँटेना लहर सोडतो, तिच्यातूनच टॅग चिपपुरती वीज घेतो आणि आपला नंबर परत पाठवतो. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग असाच, बिनबॅटरीचा. टोलनाक्यावर पैसे कापतो त्याला निष्क्रिय कोण म्हणेल? 'बिनबॅटरीचे टॅग' लिहा आणि मोकळ्या व्हा.

तुमच्या विषयाबाहेरचं एक सांगतो. क्रेट लोखंडी असेल तर साधा स्टिकर त्यावर थेट चिकटवू देऊ नका. धातूला टेकला की तो मुका होतो, रीडरला सापडत नाही. धातूवरचे टॅग वेगळे मिळतात, त्यांच्यात आणि पत्र्यात जाडसर थर असतो. कूलंटने, म्हणजे मशिनिंगच्या थंडाव्याच्या पाण्याने, निथळणारा जॉबही असाच त्रास देतो, पाणी लहर शोषून घेतं. आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत स्टिकरचा गोंद सुटतो, म्हणून आम्ही भोकवाला टॅग केबल टायने बांधायचो.

शिरगावची बाई

'बिनबॅटरीचे' हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निष्क्रिय वायू म्हणजे मेलेले वायू, असं माझ्या एकाही मुलाला कधी वाटलं नाही, कारण शब्द कुठल्या अर्थाने आला ते आधी समजावलं होतं. संज्ञा शिकवावी लागते. भंगारात गेलेल्या टॅगांचा दोष शब्दावर टाकू नका, समजावून न सांगणाऱ्यांवर टाका.

आणि 'टॅग'ला आपण इतक्या सहज का शरण जातो? 'ओळखपट्टी' म्हणा. सावरकर 1924 पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीचा आग्रह धरून त्यांनी दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द रुजवले. आज तुमचा फिटर जॉब कार्डावर रोज 'दिनांक' लिहितोच ना?

जुना फिटर

लिहितो, बाई, आणि आनंदाने लिहितो. पण 'दिनांक' आला तेव्हा त्या शब्दाला लोकांच्या कानात दुसरा अर्थ नव्हता. 'निष्क्रिय'ची जागा आधीच भरलेली आहे : बँक खातं निष्क्रिय, आधारला न जोडलेलं पॅन निष्क्रिय, कामचुकार माणूस निष्क्रिय. वर्गात शिकवायला तुमच्या हाताशी वर्ष असतं. रात्रपाळीला आलेल्या पोरासमोर फक्त पाटी असते.

देवगडकरीण

'ओळखपट्टी'ला माझा विरोध आहे. आमच्याकडे पट्टी म्हणजे वाशीहून दलालाची येते ती, पेट्या किती आणि भाव काय मिळाला ते सांगणारी. त्यापेक्षा 'मार्का' घ्या. माझे सासरे आंब्याच्या प्रत्येक पेटीवर पत्र्याचा छाप ठेवून शाईचा बोळा फिरवायचे. तो मार्का बघून गाळ्यावर पेटी कोणाची ते कळायचं. मालावर खूण आणि खुणेवरून मालक, टॅगचं कामही हेच नाही का? 2018 मध्ये हापूसला जीआय टॅग मिळाला, त्याला आपण 'भौगोलिक मानांकन' म्हणतो. म्हणजे एकाच टॅगला तिकडे मानांकन आणि इकडे पट्टी!

मोडीवाचक

मार्का एका मालकाच्या सगळ्या पेट्यांवर सारखाच असतो. टॅगचा नंबर प्रत्येक क्रेटला वेगळा. त्यामुळे मार्का जुळत नाही.

'बिल्ला' जवळचा आहे, गुरांच्या कानातल्या पिवळ्या टॅगला लोक बिल्लाच म्हणतात. तसाच एक जुना शब्द 'चपरास'. फारसी 'चप-ओ-रास्त' म्हणजे डावं-उजवं. त्यावरून पट्टा, मग पट्ट्यावरचा पितळी बिल्ला, आणि तो बाळगणारा चपराशी.

'पॅसिव्ह'साठी मी 'परावर्ती' सुचवतो. हॅरी स्टॉकमन यांनी 1948 मध्ये परावर्तित लहरींवरून संदेश पाठवण्यावर निबंध लिहिला, त्यात या टॅगांचं मूळ आहे. टॅग स्वतः लहर निर्माण करत नाही, आलेलीच परतवतो. अर्थ चोख बसतो.

खाडीपलीकडची

परावर्ती आवडला. पण पाटीसमोर उभ्या त्या मुलाला तो कळेल का, हीच धास्ती आहे.

त्याच सूचनेत 'ट्रॅक'ला मी 'माग काढणे' लिहिलंय. त्यावर एक ऑपरेटर विचारत होता, "आमचा माग काढणार का?"

मोडीवाचक

माग हा शब्द सोडू नका! संस्कृत मार्ग, महाराष्ट्री प्राकृतात मग्ग, मराठीत माग. 'मागे'सुद्धा त्याच कुळातला. दोन हजार वर्षांची वाट आहे ती.

देवगडकरीण

असेल, पण माग चोराचा काढतात नाहीतर डुकराचा. त्या ऑपरेटरला लागलं ते खरं आहे. 'क्रेटची नोंद' लिहा. माणसाच्या मनात संशय पेरणारा शब्द कारखान्यात नको.

शिरगावची बाई

म्हणजे प्रत्येक मराठी शब्दाला काही ना काही चिकटलेलंच आहे, आणि इंग्रजी शब्द तेवढे स्वच्छ? हे मला मान्य नाही.

वाडीतला सुतार

मला साधी 'खूण' पुरेशी वाटते. आजोबांनी एक घर वरच्या वाडीतून उतरवून रस्त्याजवळ उभं केलं. किंजळीचे खांब, फणसाची तुळई, ऐनाचे वासे. उतरवण्याआधी प्रत्येक सांध्यावर पटाशीने चिरा मारल्या : कुसवावर, म्हणजे भोकात बसणाऱ्या टोकावर, तीन, तर भोकापाशीही तीन. उजव्या अंगाला तिरक्या, डाव्या अंगाला सरळ. आजोबा म्हणायचे, "खूण चुकली, तर पावसात कळतला." कागद एकही नव्हता, आणि सगळं घर जसंच्या तसं बसलं.

जुना फिटर

दादा, हा तर पक्का टॅग! डावी-उजवीसाठी वेगळी चीर, म्हणजे केसिंगचे दोन अर्धे जोडताना आम्ही पंचाने नंबर ठोकायचो तसंच. दहाच्या पुढे काय करायचे? दहा चिरा मोजत बसायचे का?

वाडीतला सुतार

पाचानंतर फुली. फुली आणि एक म्हणजे सहा, असं.

मोडीवाचक

याचे फोटो पाहिजेत. घर अजून आहे का?

वाडीतला सुतार

मागची पडवी तेवढी उभी आहे. रविवारी गावी जातोय. रंगाने चिरा बुजल्यात, खडू फिरवून काढून बघतो.

खाडीपलीकडची

फोटो मलाही हवेत. उद्या पहिल्या पाळीला पाटी बदलायची आहे. तूर्त 'बिनबॅटरीचे टॅग – चालू, टाकू नका' असं लिहून देते. 'परावर्ती'वर कोणी आणखी काही सांगणार असेल तर रात्री अकरापर्यंत सांगा.