चीड हा हिमालयातील मूळचा वृक्ष आहे की इंग्रजांनी आणलेला? वणवे, झरे आणि बांज यांविषयी शंका

डोंगरवाट

उत्तराखंडच्या मध्यम उंचीच्या डोंगरांत, विशेषतः अल्मोडा, पौडी आणि टिहरी या जिल्ह्यांत, चिडाची, म्हणजे पाइनच्या एका जातीची, जंगले दूरदूरपर्यंत पसरलेली दिसतात. या झाडाविषयी दोन आरोप वारंवार कानावर येतात. पहिला असा, की ते मुळात तिथले नव्हेच. इंग्रजांनी रेल्वेचे स्लीपर आणि राळ यांच्यासाठी ते आणून लावले. दुसरा असा, की उन्हाळ्यातील वणव्यांना आणि आटत चाललेल्या झऱ्यांना तेच कारणीभूत आहे, म्हणून ते तोडून त्या जागी बांज हा तिथला ओक लावावा. पहिला आरोप मला पटत नाही, कारण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘सरल’ या नावाने या झाडाचे औषधी उपयोग दिलेले आहेत. दुसऱ्या आरोपात मात्र तथ्य असावे असे वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सूचिपर्ण

पहिला आरोप निखालस चुकीचा आहे. चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्गी, हा पाकिस्तानपासून हिमाचल, उत्तराखंड आणि नेपाळमार्गे भूतानपर्यंत साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीवर आपोआप वाढणारा वृक्ष आहे. सध्याचे शास्त्रीय नाव त्याला १८९७ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ सार्जंट यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या स्मरणार्थ दिले; त्याआधी तो पायनस लाँगिफोलिया, म्हणजे ‘लांब पानांचा पाइन’, म्हणून ओळखला जाई. तीन-तीनच्या जुडग्यांत येणारी, वीतभर किंवा त्याहूनही लांब, खाली झुकलेली पाने पाहिली की ते जुने नाव का पडले ते कळते. गंमत अशी, की त्याचा सर्वांत जवळचा नातलग हिमालयात नसून अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवर आहे.

आगीशी त्याचे नाते मात्र खरोखरच जुने आहे. मोठ्या झाडाची जाड, भेगाळलेली साल जमिनीवरून धावणारी आग सहन करते. रोपाचा शेंडा जळाला तरी बुंध्याशी पुन्हा फुटवे येतात, आणि ही क्षमता पाइनच्या बहुसंख्य जातींत आढळत नाही. बी हलके व पंखधारी असल्याने वाऱ्याबरोबर दूर जाते, आणि पाचोळा जळून उघड्या पडलेल्या मातीत, भरपूर उन्हात, उत्तम रुजते. सावलीत त्याची रोपे तग धरत नाहीत.

पाणवठा

वरील माहिती योग्य आहे, परंतु तिच्यावरून इंग्रजी अमदानी निर्दोष ठरत नाही. साध्या चिडाचे लाकूड जमिनीत लवकर कुजत असल्याने स्लीपरांसाठी आधी देवदार आणि साल या वृक्षांनाच मागणी होती. लाकडात क्रिओसोट, म्हणजे कुजणे रोखणारे तेल, मुरवण्याची पद्धत आल्यावर चिडालाही बाजार मिळाला. त्यातच राळेपासून टर्पेंटाइन आणि रोझिन काढण्याचा व्यवसाय वाढला. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँतील विस्तीर्ण जंगले राखीव झाली, चराईवर आणि वणवे लावण्यावर निर्बंध आले, आणि ज्या झाडातून उत्पन्न मिळते त्यालाच वनखात्याने झुकते माप दिले. १९२१ मध्ये लोकांनी निषेध म्हणून राखीव जंगले पेटवली, तेव्हा आगी मुख्यतः चिडाच्या जंगलांत लागल्या आणि रुंदपर्णी जंगले बव्हंशी वाचली. कोणते जंगल सरकारच्या तिजोरीचे आणि कोणते आपल्या गोठ्याचे, हे गावकऱ्यांना नेमके ठाऊक होते.

आता बांजाविषयी. साधारण १,२०० ते १,८०० मीटरच्या पट्ट्यात दोन्ही झाडे वाढू शकतात. कोरड्या, दक्षिणाभिमुख, उथळ मातीच्या उतारांवर चीड स्वभावतःच वरचढ असतो, तर उत्तरेकडील दमट उतारांवर बांज. पण बांजाचा पाला जनावरांना चालतो आणि त्याचे सरपण उत्तम जळते, त्यामुळे गावाजवळच्या बांजाच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या जातात. छत्र विरळ होते, ऊन जमिनीपर्यंत पोचते आणि शेजारच्या उतारावरून चिडाचे बी येऊन पडते. त्यानंतर दर काही वर्षांनी आग फिरत राहिली, की बांजाची कोवळी रोपे मोठी होऊच शकत नाहीत. त्यालाही बुंध्यातून फुटवे येतात, पण छाटणी, चराई आणि आग ही तिन्ही एकाच वेळी त्याला झेपत नाहीत. चिडाचा पाला जनावरे खात नाहीत, हेही त्याच्या पथ्यावर पडते. म्हणून चिडाच्या फैलावाला मी कारण कमी आणि परिणाम अधिक मानतो.

रोखठोक

आपण सगळे त्या झाडाचे वकीलपत्र घेतल्यासारखे लिहीत आहात. ऐन कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत चिडाच्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पाने, गळतात, उतारावर त्यांचा राळयुक्त, हवा खेळती राहील असा थर साचतो, तो लवकर कुजत नाही आणि एका ठिणगीने पेटतो. १९८१ मध्ये तत्कालीन उत्तर प्रदेशाच्या डोंगरांत १,००० मीटरहून अधिक उंचीवरील हिरव्या झाडांच्या तोडीवर १५ वर्षांसाठी बंदी आली, आणि तिचा सर्वाधिक लाभ चिडाला झाला असे माझे मत आहे. निदान बांजाच्या पट्ट्यात शिरलेला चीड तरी तोडू द्यावा.

पाणवठा

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, फक्त त्याला एक अट जोडावी लागेल. बांजाची रोपे जिथे आधीच खाली उभी आहेत, तिथला चीड विरळ केला तर त्यांना वाव मिळतो. पण सरसकट तोडीने उघडा पडलेला दक्षिणेकडील उतार बांजाला मिळणार नाही. तिथे पुन्हा चीडच उगवेल, किंवा घाणेरीची झुडपे माजतील, आणि तोवर पावसाने माती वाहून जाईल ती वेगळीच.

सुयांचे वर्णन आपण अचूक केले आहे, पण ठिणगी बहुतेक वेळा माणसाची असते. साचलेल्या सुयांवरून पाय घसरतो आणि त्यांच्याखाली गवत दबते, म्हणून पावसाळ्यापूर्वी नवे गवत यावे यासाठी आग लावण्याची रीत जुनी आहे. निष्काळजीपणाने लागणाऱ्या आगी तर आहेतच. झऱ्यांचे पाणी कातळाच्या भेगांवर, उताराच्या रचनेवर आणि जमिनीत किती पाऊस मुरतो यावर अवलंबून असते. वारंवार जळणाऱ्या उतारावर पाचोळ्याचा थर उरत नाही, पावसाचा थेंब उघड्या मातीवर आदळतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. तेव्हा झऱ्याची चिंता असेल तर आधी त्याच्या वरचा उतार आगीपासून आणि मोकाट चराईपासून राखावा.

सूचिपर्ण

राळेचा उल्लेख वर आला आहे, म्हणून थोडी भर घालतो. राळेला तिकडे ‘लीसा’ म्हणतात. जुन्या पद्धतीत खोडावर लाकडापर्यंत खोल खाच घेऊन ती दरवर्षी वर वाढवत नेत. अशा राळभरल्या जखमेतून आग थेट खोडात शिरते, बुंधा पोकळ होतो आणि वादळात झाड मोडते. म्हणजे जाड सालीचे संरक्षण माणसानेच काढून घेतलेले असते. १९७७ मध्ये टिहरीतील हेंवल खोऱ्यात चिपको कार्यकर्त्यांनी अशा जखमांवर माती लिंपून पट्ट्या बांधल्या होत्या. आता प्रचारात असलेल्या रिल पद्धतीत उथळ, तिरप्या चरांवर सौम्य आम्लाचे मिश्रण फवारतात, त्यामुळे इजा पुष्कळ कमी होते.

डोंगरवाट

सर्वांचे आभार. एकच उपप्रश्न विचारतो: गळलेल्या सुया, ज्यांना तिकडे ‘पिरूल’ म्हणतात, त्या उचलून आग आटोक्यात येऊ शकते का?

पाणवठा

मर्यादित प्रमाणात येऊ शकते. पिरूलपासून कांडीकोळसा आणि वायुभट्टीद्वारे वीज तयार करता येते, आणि उत्तराखंड सरकारने २०१८ मध्ये त्यासाठी धोरणही जाहीर केले. अडचण वाहतुकीची आहे. सुया वजनाला हलक्या आणि आकाराने अवाढव्य असतात, उतार तीव्र असतो आणि गोळा करण्याचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो, त्यामुळे रस्त्यापासून दूरच्या जंगलात हा उद्योग परवडत नाही. गावाच्या कडेचा पट्टा, रस्त्यालगतचा भाग आणि चीड जिथे बांजाला भिडतो ती सीमा, एवढ्या जागा जरी मार्चअखेरपर्यंत साफ झाल्या, तरी आग बांजात शिरण्यापूर्वी अडवता येते. उरलेल्या भागासाठी हिवाळ्यात, जमिनीत ओल असताना, वनखात्याच्या देखरेखीखाली पाचोळा थोडा-थोडा जाळून टाकण्याचा जुना मार्गच अधिक व्यवहार्य आहे.