मदत हवी आहे: कलम १८५ (नशेत गाडी चालवणे) दुसऱ्यांदा, आरोपी व्यसनी, प्रोबेशनच्या (शिक्षेऐवजी बंधपत्रावर सुटका) अटी कशा मांडाव्यात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली दुसऱ्यांदा दोषी: २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. एनडीपीएसचं (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम ३९, म्हणजे व्यसनी दोषीला उपचारासाठी सोडण्याची तरतूद, इथे लागत नाही, म्हणून प्रोबेशन कायदा १९५८, कलम ४ मागतोय. बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते, देखरेख किमान १ वर्ष.

अडचण लघवीच्या तपासणीची. नियमित गांजा ओढणाऱ्याची चाचणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येते, आणि सरकारी वकील लगेच 'अटभंग' म्हणून उभे! प्रोबेशन कायद्याच्या कलम ९ मध्ये पहिल्या भंगाला ५० रुपयांपर्यंतच्या दंडावर भागवता येतं, पण तो न्यायालयाचा विवेक. पहिली चाचणी फक्त आधाररेषा, पुढे पातळी उतरतेय का एवढंच बघायचं, अशी अट कोणी मंजूर करून घेतलीय का? मसुद्यातली नेमकी शब्दरचना हवी आहे.